मुंबई बघायला चाललात? मग आपलीही मुंबई बघून या

मुंबईत बाहेरगावाहून येणाऱ्या माणसांची या व्यवस्थेने दोन खात्यांत वाटणी करून ठेवली आहे. गेटवे ऑफ इंडियासमोर उभा राहून फोटो काढतो तो पर्यटक. आणि सहा डिसेंबरला जनरलच्या डब्यात उभ्याने रात्र काढून, भाकरीची पिशवी सांभाळत दादरला उतरते ती गर्दी. पर्यटकासाठी माहितीपत्रकं छापतात, बस ठेवतात, समुद्रकिनारा रोषणाईने उजळतात. गर्दीसाठी बॅरिकेड लावतात. लालबागला रात्रभर रांगेत उभं राहणाऱ्यांची बातमी 'भक्तांचा महासागर' अशी येते. चैत्यभूमीच्या रांगेची बातमी येते ती कोणता रस्ता बंद, वाहतूक कुठून वळवली आणि शिवाजी पार्कात कचरा किती पडला याची. त्याच शिवाजी पार्कात त्या तीन दिवसांत जी पुस्तकं विकली जातात, त्यांची बातमी शोधून काढावी लागते. अंगावर धड स्वेटर नसलेली बाई नातवासाठी संविधानाची प्रत विकत घेते, हे दृश्य कॅमेऱ्याला दिसत नाही. कचरा मात्र दिसतो.

हा फरक शब्दांपुरता नाही. शहराचा पाहुणा कोण आणि शहरावरचं ओझं कोण, हे त्या शब्दांनी ठरतं. आणि दुःख याचं आहे की ही वाटणी आपल्या पोरांनीही निमूट मान्य केली आहे.

विदर्भ-मराठवाड्यातली कॉलेजची मुलं-मुली आम्हाला विचारतात, "दादा, मुंबईला यायचंय, तीन दिवस आहेत, काय काय बघावं?" सोबत त्यांनीच केलेली एक यादी असते. गेटवे, मरीन ड्राईव्ह, हँगिंग गार्डन, सिद्धिविनायक, जुहू चौपाटी, एखाद्या नटाचा बंगला, एखादा मॉल. शेवटी कंसात, जणू आठवलं म्हणून, 'जमल्यास चैत्यभूमी'. मुंबई दर्शनच्या बसचा मार्ग आणि ही यादी यांत काही फरक नसतो. म्हणजे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी या शहरातल्या गिरण्या चालवल्या, गोद्यांमध्ये माल उतरवला, या शहराचं मैलं डोक्यावरून वाहिलं, त्यांची नातवंडं या शहरात येतात ती दुसऱ्याने आखून दिलेल्या नकाशावर.

आम्ही त्या यादीवर फुली मारा असं म्हणत नाही. मरीन ड्राईव्हच्या कठड्यावर संध्याकाळी बसा, भेळ खा, हजार फोटो काढा. समुद्र कोणाच्या बापाचा नाही. आमचं म्हणणं एवढंच, की त्या यादीने तुमचे तिन्ही दिवस खाऊ नयेत. पाहण्यासारखं शहर तिच्या बाहेर फार मोठं आहे, आणि ते आपलं आहे.

इथे चळवळीतल्या काही ज्येष्ठांचा आक्षेप येतो. रोज कुठे ना कुठे अत्याचार होतोय, शिष्यवृत्त्या रखडल्यात, आरक्षण पोखरलं जातंय आणि तुम्ही पोरांना सहली कसल्या शिकवता? आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून उत्तरही नीट देतो.

१९३४ साली बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांनी सहलीला जायचा बेत केला. बाबासाहेबांनी होकार दिला, पण वेरूळची बौद्ध लेणी त्यात असलीच पाहिजेत या बोलीवर. तीसेक माणसं निघाली. वाटेत त्रास नको म्हणून कोण आहोत ते न सांगता, साध्या पर्यटकांसारखं फिरायचं असं ठरलं होतं. तरीही दौलताबादच्या किल्ल्यापाशी, दारातल्या हौदावर प्रवासाची धूळ धुतली म्हणून हौद बाटल्याची बोंब उठली, आणि पुढे किल्ल्यात कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून त्यांच्याबरोबर पहारेकरी दिला गेला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्याशा लिखाणात बाबासाहेबांनी हा प्रसंग नोंदवला आहे. ते लिखाण पुन्हा एकदा या नजरेने वाचा. मसूर स्टेशनवर ताटकळलेली लहान मुलं, बडोद्यात डोक्यावर छप्पर मिळवण्याची धडपड, चाळीसगावचा टांगा, दौलताबादचा हौद. माणूस प्रवासाला निघाला, मुक्कामाला जागा मागितली, वाटेत पाणी प्यायला, की जात त्याला कशी गाठते, हाच त्यातला मोठा भाग आहे.

तेव्हा ज्येष्ठांनो, सहल ही आपल्याकडे ऐषाराम म्हणून आलेली नाही. मोकळेपणाने फिरता येणं हाच आपल्या लढ्याचा एक मुद्दा राहिला आहे. ज्या माणसाने मंत्र्याच्या भेटीसाठी नव्हे, तर लेणी पाहण्यासाठी सहकाऱ्यांना गाडीत बसवून नेलं, त्याच्या अनुयायांना फिरण्याची लाज वाटायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप असा, की सहा डिसेंबर हा शोकाचा दिवस, त्यात पर्यटन मिसळू नका. हे शंभर टक्के मान्य. सहा डिसेंबरला अभिवादनालाच या आणि त्या दिवशी दुसरं काही करू नका. आम्ही बोलतोय ते उरलेल्या दिवसांबद्दल. वर्षातून एकदा लाखोंनी यायचं आणि उरलेले दिवस त्या जागांकडे फिरकायचंही नाही, ही सवय मोडायला हवी.

आता बेत आखू. सुरुवात परळपासून करा, गेटवेपासून नव्हे.

परळच्या पोयबावडीतली बीआयटी चाळ. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, प्लेगनंतर ब्रिटिशांनी शहर 'सुधारायला' काढलेली संस्था. तिथल्या एक नंबरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, खोली क्रमांक ५० आणि ५१ मध्ये बाबासाहेब १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षं राहिले. मध्ये अमेरिका, मध्ये लंडन, पण बिऱ्हाड इथलं. 'मूकनायक' निघालं तेव्हा घर हे होतं. महाडला निघाले तेव्हा घर हे होतं. गोलमेज परिषदेला गेले तेव्हाही हेच. बाबासाहेब परदेशी असताना रमाईने इथेच दिवस काढले. जगातल्या कुठल्याही शहरात एवढ्या तोलाच्या माणसाचं बावीस वर्षांचं घर असतं, तर पर्यटनाच्या नकाशावर त्याचा क्रमांक पहिल्या पाचांत असता. आपल्याकडे परळ स्टेशनाबाहेर उतरून पत्ता विचारा आणि किती जणांना सांगता येतो ते बघा.

मात्र एक लक्षात ठेवा. त्या चाळींत माणसं राहतात. घोळक्याने जिने चढून कुणाच्या दारात उभं राहू नका, कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढू नका. आधी कुणाची तरी ओळख काढा, विचारून जा, खाली उभं राहून इमारत पाहिली तरी पुरे. आपल्या घरांकडे लोक कसे रोखून बघतात हे आपण पुरेसं सोसलं आहे.

याच परळात दामोदर हॉल. ९ मार्च १९२४ ला इथे सभा झाली आणि तिच्यातून २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. तिचं कार्यालय इथेच होतं. पक्षकारांना आणि कार्यकर्त्यांना बाबासाहेब इथेच भेटत. २०२३ च्या अखेरीस दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झालं, तेव्हा नाट्यकर्मी पेटून उठले आणि ते योग्यच होतं. कामगार रंगभूमीचा इतिहास त्या निमित्ताने भरपूर लिहिला गेला. बहिष्कृत हितकारिणी सभेचं नाव मात्र आमच्या वाचनात त्या मानाने क्वचितच आलं. ते आणायचं काम कोणाचं होतं? नाटकवाल्यांचं नव्हतं, आपलं होतं.

जवळच नरे पार्क. २४ मे १९५६ ला, बुद्धजयंतीच्या सभेत, येत्या ऑक्टोबरात बौद्ध धम्म स्वीकारणार हे बाबासाहेबांनी इथे जाहीर केलं. म्हणजे नागपूरच्या दीक्षाभूमीकडे जाणारी वाट परळच्या या मैदानातून जाते. आज तिथे कामगार-वस्तीतली पोरं क्रिकेट खेळतात. खेळूद्यात. तुम्ही कडेला पाच मिनिटं उभे राहा.

परळमध्ये फिरताना मान वर करून चिमण्या शोधा. बहुतेक पाडल्यात, एखाददुसरी शोभेला ठेवली आहे. गिरणगावाबद्दल पुरोगामी मंडळी हळवी होऊन बोलतात. आम्हालाही त्या भोंग्यांबद्दल माया आहे, पण आमची माया आंधळी नाही. कापड गिरण्यांच्या विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना जागा नव्हती. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याची थुंकी चालत नसे. भांडवलदाराविरुद्ध एकजुटीच्या घोषणा देणारा कामगार खात्याच्या दारात जात बघत होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. आणि त्याच बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाची ताकद कम्युनिस्टांच्या बरोबरीने रस्त्यावर उतरवली. बाबासाहेब कामगारविरोधी होते असं अजूनही कुजबुजणाऱ्यांना परळच्या नाक्यावर उभं करून या दोन्ही तारखा ऐकवल्या पाहिजेत. आज त्यातल्या एका गिरणीच्या जागेवर चकचकीत मॉल आहे, आणि आपल्या मुलांच्या यादीत तो असतो. जरूर जा. फक्त आत शिरताना, या जमिनीवर कोणाला विणकामाला बसू दिलं जात नव्हतं ते सोबतच्याला सांगा.

परळहून दादर चालत जाण्यासारखं आहे. दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृह. हे घर बाबासाहेबांनी पुस्तकांना जागा मिळावी म्हणून बांधलं. आसपास सगळी उच्चवर्णीयांची वस्ती, आणि मध्ये चाळीतून आलेल्या माणसाचं हे ग्रंथघर. २७ मे १९३५ ला रमाईने शेवटचा श्वास घेतला तो इथे. तळमजल्यावर संग्रहालय आहे, अभिवादनाला सर्वांना जाता येतं. जुलै २०२० मध्ये या घरावर हल्ला झाला, कुंड्या फोडल्या, काचा फोडल्या. जुन्या विटा-मातीची कुणाला एवढी भीती का वाटते, याचा विचार तिथे उभं राहून करा.

थोड्याच अंतरावर गोकुळदास पास्ता रोडवर आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस होते. 'होते' लिहावं लागतं, कारण २५ जून २०१६ च्या पहाटे अंधारात ते जमीनदोस्त केलं गेलं. १९ जुलैला भायखळ्याहून निघालेला मोर्चा ज्यांनी पाहिला त्यांना तो विसरता येणार नाही. पण एक कडू प्रश्न आम्ही तेव्हाही विचारला होता आणि आजही विचारतो. त्या मोर्चातल्या किती जणांनी प्रेस उभी असताना ती आतून पाहिली होती? रोज शाळेची पोरं रांगेने येत असती, खिळे जुळवण्याची जुनी केस पाहत असती, परदेशी अभ्यासक वही घेऊन बसलेले असते, तर रात्रीतून बुलडोझर आणायची हिंमत झाली असती का? ज्या जागेवर पावलं पडतात ती जागा पाडणं महाग पडतं. ज्या जागेची आठवण फक्त व्याख्यानात निघते ती एका रात्रीत जाते.

आणि हाच या लेखाचा गाभा आहे. फिरणं म्हणजे राखण.

दादर पश्चिमेला चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ ला इथल्या चौपाटीवर बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला गेला आणि त्याच ठिकाणी, त्यांच्या पार्थिवाच्या साक्षीने, भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून अफाट जनसमुदायाने धम्मदीक्षा घेतली. आजचा स्तूप उभा राहिला तो भैय्यासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने आणि गोरगरिबांच्या वर्गणीतून. महूपासून निघालेल्या भीमज्योतीने गावोगाव पैसा गोळा केला. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर राजाच्या पैशाने नव्हे, सरकारच्या पैशानेही नव्हे, तर मजुरीच्या आण्यांनी उभी राहिलेली वास्तू कोणती, तर ही. शेजारी इंदू मिलच्या जमिनीवर स्मारकाचं काम चालू आहे. पायाभरणी ११ ऑक्टोबर २०१५ ला झाली, त्याआधी २०११ च्या सहा डिसेंबरला कार्यकर्ते गेट ओलांडून आत घुसले होते. पायाभरणीचे फोटो सगळीकडे आहेत, गेट ओलांडणाऱ्यांचे शोधावे लागतात.

दुसरा दिवस दक्षिण मुंबईला द्या. इथे गेटवे येईल, तो बघाच, पण पुढची गोष्ट डोक्यात ठेवून. २ डिसेंबर १९११ ला पाचवा जॉर्ज अपोलो बंदरावर उतरला म्हणून ही कमान. ती पुरी व्हायला १९२४ उजाडलं. आणि राजा येऊन गेल्यावर दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, परळच्या चाळीतला एक विद्यार्थी याच शहराच्या बंदरातून न्यूयॉर्कला निघाला. पुढे १९२० मध्ये लंडनला, १९३० मध्ये गोलमेज परिषदेला. राजा आला त्याची कमान आहे. आपला माणूस गेला त्याची साधी पाटी नाही. या देशाच्या इतिहासावर कोणत्या प्रवासाचा परिणाम जास्त झाला, याचं उत्तर शाळेतलं पोरही देईल.

गेटवेपासून चालत काळा घोड्याला आलात की एल्फिन्स्टन कॉलेज. चर्चगेटच्या बाजूला सिडनहॅम कॉलेज आणि शासकीय विधी महाविद्यालय. सिडनहॅममध्ये बाबासाहेब नोव्हेंबर १९१८ पासून १९२० पर्यंत अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. कोलंबियाचा विद्वान, पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या माठाला त्यांचा हात लागलेला सहकारी प्राध्यापकांना चालत नव्हता. शहराला तिन्ही बाजूंनी समुद्र, आणि भांडण एका माठाचं! 'मुंबईत जात नव्हती, जात खेड्यात होती' असं सांगणारे विद्वान अजून भेटतात. त्यांना हा माठ दाखवा. विधी महाविद्यालयाचे बाबासाहेब १९३५ मध्ये प्राचार्य झाले आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला त्यांनी येवल्याची घोषणा केली. सरकारी कॉलेजचा प्राचार्य धर्मांतराची घोषणा करतो, हे आज कुठल्या प्राचार्याला जमेल?

मग फोर्टात डी. एन. रोडवर आनंद भवन, म्हणजे सिद्धार्थ कॉलेज. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, २० जून १९४६ ला हे कॉलेज. दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावं म्हणून भल्या सकाळी भरणारे वर्ग. शहराच्या व्यापारी पेठेत, बँका आणि विमा कंपन्यांच्या रांगेत, बाबासाहेबांनी मुद्दाम जागा मिळवली. कोपऱ्यातली जागा चालली नसती का? चालली असती, पण कोपरा आपल्याला कायमच मिळत आला होता.

या भागातल्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला. चांगली गोष्ट आहे. इमारतींना पाहा, पण त्यांच्या पायऱ्यांवर कोणाला चढू दिलं जात नव्हतं तेही पाहा.

वेळ उरला तर साहित्याची मुंबई आहे. १९५८ मध्ये दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. माटुंगा लेबर कॅम्प, जिथे बाबुराव बागूल आणि अण्णाभाऊ साठे यांच्या लेखणीला माणसं भेटली. घाटकोपरचं चिरागनगर, अण्णाभाऊंची झोपडी. नामदेव ढसाळांचा गोलपिठा, जिथून १९७२ मध्ये मराठी कवितेला हादरा बसला आणि त्याच वर्षी दलित पँथर जन्माला आली. वरळीच्या बीडीडी चाळी, १९७४ ची दंगल, परळमध्ये १० जानेवारीला भागवत जाधवांची हत्या. घाटकोपरचं माता रमाबाई आंबेडकर नगर, ११ जुलै १९९७, पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं. या जागांची सहल होत नसते. तिथे जायचं ते नाव घ्यायला.

इथे धारावीबद्दल बोललं पाहिजे. परदेशी पाहुण्यांना धारावीच्या गल्ल्यांतून फिरवून आणणाऱ्या सहली मुंबईत राजरोस चालतात. चामड्याचं काम, कुंभारवाडा, भंगाराचे कारखाने, सगळं 'अस्सल मुंबई' म्हणून दाखवलं जातं. म्हणजे बघा, आपली गरिबी पर्यटनाच्या नकाशावर आहे. आपला इतिहास नाही. आपली गटारं बघायला माणूस पैसे मोजतो आणि आपल्या नेत्याचं बावीस वर्षांचं घर फुकट असून त्याला कोणी दाखवत नाही. झोपडपट्टीतल्या माणसाला कष्टाळू म्हणून कौतुकाची थाप मिळते, विचार करणारा म्हणून मान मिळत नाही.

सरकार म्हणेल, आम्ही पंचतीर्थ जाहीर केलं ना? महू, लंडन, दीक्षाभूमी, दिल्ली, चैत्यभूमी. या पाचही जागा आम्हाला प्राणप्रिय आहेत. पण यादी नीट वाचा. जन्म, शिक्षण, दीक्षा, परिनिर्वाण. मधला सगळा झगडा कुठे गेला? चाळ गेली, छापखाना गेला, मजूर पक्ष गेला, संप गेला. आणि तीर्थ हा शब्द! तीर्थाला गेलेला माणूस हात जोडतो, प्रदक्षिणा घालतो, परत येतो. प्रश्न विचारत नाही. बाबासाहेबांना देव्हाऱ्यात बसवलं की त्यांच्या मागण्यांतून सुटका होते, हे सत्ताधाऱ्यांना, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, फार चांगलं कळतं.

तिसरा दिवस कान्हेरीचा. मुंबईचा इतिहास गाईडलोक १६६१ च्या हुंड्यापासून सुरू करतात. पोर्तुगालच्या राजकन्येचं लग्न, इंग्लंडच्या राजाला बेटं आंदण, मग कंपनी, मग बंदर. म्हणजे गोरा येईपर्यंत इथे काही नव्हतंच! बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, दारापासून पाच-सहा किलोमीटर आत जा. इसवीसनापूर्वी पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं कोरली गेलेली शंभरावर लेणी आहेत. चैत्यगृह, विहार, बसायचे ओटे, आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचं पाण्याचं टाकं. डोंगरावरचा पावसाचा थेंब न् थेंब खोबण्यांतून टाक्यांत उतरवलेला. शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे लोक. समुद्रावर व्यापार करणाऱ्या बंदरांनी डोंगरावरच्या संघाला पोसलं, ही या किनाऱ्याची फार जुनी संस्कृती आहे, आणि ती बौद्ध आहे.

चौथा दिवस काढता आला तर नालासोपारा. तेच हे सोपारा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला, करंडक सापडले. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही इथलाच. करंडक एशियाटिक सोसायटीकडे आहेत आणि शिलालेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. ही दोन्ही ठिकाणं फोर्टात, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या वाटेवर. घारापुरीला जाणारी लाँच गेटवेहूनच सुटते. सगळे शिवाची लेणी पाहून परततात. समोरच्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, त्या टेकडीला स्तूप हिलच म्हणतात, तिकडे चढणारा विरळा. तुम्ही चढा.

आता पुनर्विकासाबद्दल आमची भूमिका, कारण ती मुद्दाम वाकडी करून सांगितली जाते. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून बीडीडीच्या २०७ चाळी. वरळीत २०२५ मध्ये पहिल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षं १६० चौरस फुटांत, सामाईक संडासासमोर डबा घेऊन उभं राहिलेल्या माणसाला मोठं घर मिळालं तर आमच्यापेक्षा आनंद कोणाला होणार? वारसा जपा म्हणून गरिबाने चाळीतच राहावं असं म्हणणारे आम्ही नव्हेत. तसं म्हणणारे बहुधा स्वतः तीन बेडरूममध्ये राहतात. पण टॉवर उभा करताना तिथल्या इतिहासाचीही जागा ठेवा. कोणती सभा इथे झाली, कोण इथे पडलं, कोणता शाहीर इथे गायला, त्याची खोली, त्याची पाटी, त्याची माहिती. बीआयटी चाळीतल्या ५० आणि ५१ च्या स्मारकाच्या घोषणा ऐकून झाल्या. घोषणांना पायऱ्या नसतात, त्यांवर चढून खोलीत जाता येत नाही. मुंबई दर्शनच्या एका तरी बसचा थांबा परळला द्या, ही मागणी फार मोठी आहे का?

ती मान्य होईपर्यंत थांबू नका. बेत असा ठेवा. डिसेंबरचा पहिला आठवडा टाळा, जानेवारी-फेब्रुवारीत या. 'मूकनायक'चा दिवस ३१ जानेवारी, तो साधला तर उत्तमच. कान्हेरी आणि घारापुरी सोमवारी बंद, म्हणून सोमवार परळ-दादरला ठेवा. पावसाळ्यात कान्हेरी देखणी असते, पण खवळलेल्या समुद्रात घारापुरीची लाँच बेभरवशाची. मुक्कामाला नातलग असतील तर सोन्याहून पिवळं. नसतील तर एखाद्या वस्तीतल्या विहाराच्या कमिटीशी आधी फोनवर बोला, अचानक वीस जण घेऊन धडकू नका. मुलींना मागे ठेवून पोरांचाच घोळका आणू नका. आणि आईला, आजीला आणा. त्या सहा डिसेंबरला येऊन गेलेल्या असतील, पण रांगेतून गेलेल्या बाईने राजगृह निवांत पाहिलेलं नसतं.

निघण्याआधी एक काम घरीच करायचं आहे. आजोबा-आजी हयात असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करा. घराण्यातलं कोण मुंबईला गेलं होतं, कोणत्या साली, कोणत्या गिरणीत की गोदीत की रेल्वेत, कोणत्या खात्यात घेतलं आणि कोणत्यात घेतलं नाही, राहिले कुठे, चाळ कोणती, खोली कितवी, बाबासाहेबांना पाहिलं होतं का, कोणत्या मैदानात. १९८२ च्या संपानंतर गावी परतलेले कितीतरी जण आज खेड्यांतून आहेत, त्यांनाही विचारा. जो पत्ता मिळेल तो तुमच्या यादीत सगळ्यात वर लिहा आणि मुंबईत उतरल्यावर आधी तिथे जा. इमारत असेल तर फोटो काढा. नसेल तर तिथे आता काय आहे त्याचा काढा, आणि आजोबांना नेऊन दाखवा.